वीतभर वर

शालूबाईनं आयुष्यातली पहिली गोळी झाडली ती अठ्ठावन्नाव्या वर्षी, आणि झाडली तशी ती हसत सुटली. हसू आवरेना. रेंजवर शिकवणारी अवंतिका चोवीस वर्षांची, आपटेनगरची, पुस्तकी मराठी बोलणारी पोर. ती बिचारी घाबरली. "काकू, बरं वाटतंय ना तुम्हाला?" शालूबाई पदरानं डोळे पुसत म्हणाली, "बरं काय विचारतीस, लई बरं वाटतंय. आणिक एक मारू का?"

ही बाई हौसेनं तिथं गेलेली नव्हती, हे आधी सांगून टाकलेलं बरं. तिचा नवरा कृष्णात लष्करातून सुभेदार होऊन परतला आणि त्यानं लायसन काढून एक रिव्हॉल्व्हर घेतलं. आपल्याकडं रिव्हॉल्व्हर म्हणजे बापयाचा दागिना. लग्नात कमरेला दिसलं की लोक सरकून वाट देतात, एवढाच त्याचा उपयोग. दोन वर्षांमागं सुभेदार गेला. पोरगी एकच, मोना, ती जयसिंगपूरला दिलेली, आणि तिला त्या लोखंडाचं तोंडसुद्धा बघायचं नव्हतं. मग वारस म्हणून लायसन शालूबाईच्या नावावर आलं, आणि हत्यार सांभाळायचं रीतसर शिक्षण घेतल्याचा दाखला आणा, असं साहेबांनी सांगितलं. शालूबाई तणतणत गेली. "म्हशी सोडून ह्या वयात मी शाळंत जाऊ?" गेली, रेंजचं पिस्तूल हातात घेतलं, चाप ओढला, आणि वर सांगितलं तसं झालं.

गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर जे उभं राहून पेला तोंडाला लावतात, त्यांना शालूबाई नव्यानं सांगायला नको. तीस वर्षं तिच्या म्हशी तिथं उभ्या राहतात आणि ती गिऱ्हाइकासमोर धार काढून देते. एकदा एका पावण्यानं दूध जरा पातळ वाटतंय म्हटलं, तर तिनं त्याच्या हातातला पेला काढून घेतला, दूध म्हशीच्या पाटीत ओतलं आणि म्हणाली, "हिलाच विचारा." त्या माणसानं परत कट्ट्याकडं तोंड केलं नाही. राग म्हणाल तर नाकावर, आवाज म्हणाल तर महाद्वारापर्यंत.

अशा बाईला नवव्या वर्षापासून स्वतःसाठी म्हणून काही करायला मिळालेलं नव्हतं. धार काढली तर कुणाच्या तरी पेल्यात, भाकरी थापली तर कुणाच्या तरी ताटात. आणि गोळी? ती कुणालाच उपयोगाची नाही. धाड्‌दिशी आवाज येतो, हाताला हिसका बसतो, कागदाला भोक पडतं, संपलं. ह्या बिनकामाच्या गोष्टीत एवढी मजा असेल असं तिला कुणी सांगितलंच नव्हतं. दाखला मिळाल्यावरही ती रविवारी म्हशींचं आवरून रेंजवर जायला लागली. जाताना पायात चप्पल आहे का नाही, याचंसुद्धा भान नसायचं.

आणि हे तिच्या दिराच्या, धैर्यशीलच्या, डोळ्यांत खुपायला लागलं.

धैर्यशील म्हणजे सुभेदाराचा धाकटा भाऊ. ऊस, ट्रॅक्टर, सोसायटीत संचालक, पांढरा शर्ट. सुभेदाराच्या दुसऱ्या वर्षाच्या श्राद्धाला जेवणं झाल्यावर त्यानं सगळ्या भावकीसमोर एक टाईप केलेला अर्ज काढला. रिव्हॉल्व्हर त्याच्या नावावर करायला हरकत नसल्याचा. खाली शालूबाईच्या सहीची जागा मोकळी.

"वहिनी, तुमच्या हातात ते शोभतं व्हय? लोक हसत्यात. दादाची वस्तू घरातल्या बापयाकडं असूं दे."

"लोक हसत्यात तर हसूं देत. मी बी हसतो की."

"हसून नेम लागत न्हाय."

"मग लावून दावू?"

झालं. भावकीला जेवणावर सुपारी लागते तसा हा विषय लागला. चर्चा होऊन ठरलं ते असं. तीन आठवड्यांनी, रविवारी, रेंजवर, सुभेदाराच्याच रिव्हॉल्व्हरनं शालूबाईनं सहा गोळ्या मारायच्या. चार काळ्या वर्तुळात लागल्या तर धैर्यशीलनं जन्मात परत नाव काढायचं नाही. नाही लागल्या तर तिथल्या तिथं अर्जावर सही. शालूबाईनं "व्हय" म्हणून टाकलं. रेंजच्या पिस्तुलानं ती सहातल्या पाच लावत होती, तिला कसली भीती.

पुढच्या रविवारी तिनं सुभेदाराचं रिव्हॉल्व्हर पहिल्यांदा रेंजवर नेलं आणि सहा गोळ्या मारल्या. कागद कोरा. काळ्यात नाही, पांढऱ्यात नाही, कशातच नाही. अवंतिकानं जाऊन बघितलं तर कागदाच्या वरच्या लाकडी पट्टीला चार भोकं आणि बाकीच्या दोन मागच्या मातीच्या बांधात.

शालूबाई आपल्या हाताकडं बघायला लागली. "माझा हातच गेला म्हणायचा."

"थांबा काकू." अवंतिकानं वाळूच्या पिशवीवर हात टेकून, श्वास रोखून, दोन गोळ्या स्वतः मारल्या. दोन्ही पट्टीला. शालूबाईच्या भोकांशेजारी. "तुमचा हात नाही गेला. हे रिव्हॉल्व्हरच वीतभर वर मारतंय. आणि ह्याची नेम धरायची मागची खाच पक्की आहे, रेंजच्या पिस्तुलासारखी स्क्रूनं खालीवर होत नाही. जाणत्या कारागिराकडे न्यावं लागेल."

ऐकलं असतं तर ती शालूबाई कसली. संध्याकाळी कट्ट्यावर तिनं विषय काढला आणि गंगावेशीतला प्रत्येक पुरुष नेमबाज निघाला. एक म्हणाला खाली नेम धरा. दुसरा म्हणाला गोळ्या जुन्या असणार. तिसऱ्यानं पैलवानकीचे चार डाव सांगितले, त्याचा ह्याच्याशी संबंध काय ते देवाला ठाऊक. शालूबाईनं कुणाचंच ऐकलं नाही. घरी येऊन, गोळ्या कपाटात कुलपात ठेवून, तिनं रिकामं रिव्हॉल्व्हर मांडीवर घेतलं आणि स्वतःचं डोकं चालवलं.

नळीच्या टोकावर एक बारीक उंचवटा असतो, त्याला माशी म्हणतात. मागच्या खाचेतून ती माशी बघायची, माशीवर निशाण ठेवायचं, असा सगळा खेळ. शालूबाईनं विचार केला, गोळी वर जातीया, म्हणजे ही माशीच जादा वर हाय. म्हशीचं शिंग वाकडं वाढलं तर आपण काय करतो? घासतो. बेंदराच्या सणाला म्हशींची शिंगं घासून गुळगुळीत करायची तिची एक जुनी कानस होती. ती काढली, आणि अर्धा तास मन लावून, जिभेचं टोक बाहेर काढून, तिनं माशी चांगली मिलिमीटरभर उतरवली. वर खोबरेल लावून पुसली. अशी चकचकीत झाली की तिचं तिलाच कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी रेंजवर दोन गोळ्या मारल्या. दोन्ही कुठं गेल्या ते कळेचना. शेवटी अवंतिकाला त्या बांधाच्या मातीत, पहिल्यापेक्षाही वर सापडल्या. तिनं परत येऊन रिव्हॉल्व्हर उघडून रिकामं केलं, माशी बघितली आणि कपाळाला हात लावला.

"काकू, हे कुणी केलं?"

"जास्त घासायला पायजे हुती व्हय?"

अवंतिका खाली बसली. तिला हसावं की रडावं कळेना, आणि मग ती हसायलाच लागली, आणि ती हसली म्हणून शालूबाईही हसली, आपण कशाला हसतोय ते माहीत नसताना. त्या दोघी पाच मिनिटं नुसत्या हसत होत्या. हसू ओसरल्यावर अवंतिका म्हणाली, "तुमच्याकडे गोळ्या किती उरल्या?" पंधरा. आणि लायसनवर वर्षाला मिळतो तो गोळ्यांचा वाटा उचलून झालेला. पैजेच्या सहा वगळल्या तर नऊ. मग मात्र शालूबाईचं हसू थांबलं. सही करायच्या त्या मोकळ्या जागेचा कागद तिच्या डोळ्यांसमोर आला.

मंगळवार पेठेत गुंडू मिस्त्रीचं दुकान आहे. सत्तरीचा माणूस, बंदुका दुरुस्त करायचं सरकारी लायसन वडिलांपासून, बोलणं मोजकं. शालूबाईनं रिव्हॉल्व्हर समोरच्या फडक्यावर ठेवलं. गुंडूनं ते ओळखल्यासारखं उलटसुलट केलं, माशीवर नख फिरवलं.

"हे कशानं घासलं?"

"शिंगं घासायच्या कानशीनं."

गुंडूनं चष्मा काढला, पुसला, परत लावला. शालूबाई शिव्या खायच्या तयारीनं उभी होती. गुंडू म्हणाला, "काम स्वच्छ झालंय. फक्त उलटं झालंय."

मग त्यानं तिला समजावलं. डाव्या हाताच्या दोन बोटांची खाच केली आणि उजव्या हाताचा अंगठा पुढं धरला. "हा अंगठा माशी. तुमाला ती खाचेत बरोबर दिसाय पायजे, न्हवं? आता अंगठा बुटका केला. दिसंल का? न्हाय. मग दिसावा म्हणून तुमी काय करता? हात वर उचलता. नळी वर गेली, गोळी वर गेली. माशी जेवढी बुटकी, तेवढी गोळी उंच. माशी उंच केली की तुमी नळी खाली दाबता आन् गोळी खाली येती."

शालूबाई अंगठ्याकडं बघत राहिली. मग स्वतःचा अंगठा धरून बघितला. एक डोळा मिटून, दुसरा मिटून. "आरं तिच्या," ती म्हणाली, "हे तर सरळ हाय की. मला कट्ट्यावर एका बी शान्यानं सांगितलं न्हाय."

"त्यास्नी ठावं असतं तर ते कट्ट्यावर बसलं असतं व्हय?"

गुंडूनं चार दिवस घेऊन नवी, उंच माशी बसवली. मुद्दाम हवी त्यापेक्षा उंच. घासून कमी करता येतं, वाढवता येत नाही, म्हणून. बाकीचं रेंजवर, गोळी मारून आणि कानस फिरवून करायचं, आणि गोळ्या शालूबाईनंच मारायच्या, असं त्यानं बजावलं. "तुमच्या धरण्यावर बेतायला पायजे. मी मारून बसवलं तर ते माझं हुईल."

तो दिवस शालूबाईच्या आयुष्यातला एक नंबरचा दिवस. मोनाच्या लग्नात इतकी खूश नव्हती. गुंडू टेबलाशी बारीक कानस घेऊन बसला, अवंतिका दुर्बिणीला डोळा लावून उभी राहिली, आणि शालूबाईनं पहिली गोळी मारली.

"खाली," अवंतिका म्हणाली. "कागदाच्या खालच्या काठाला."

"खाली आली?" शालूबाईला एवढा आनंद झाला की जसं काही पैजच जिंकली. "आज पयल्यांदा कागदावर आली बघा, आई अंबाबाई."

रिव्हॉल्व्हर उघडायचं, रिकामं करायचं, गुंडूपुढं ठेवायचं. गुंडू कानस चार वेळा फिरवायचा आणि फुंकर मारायचा. दुसरी गोळी चार बोटं वर आली. तिसरी आणखी तीन बोटं. कागदावर एकावर एक भोकं काळ्या वर्तुळाकडं चढत निघाली, आणि शालूबाईला प्रत्येक भोकाला गुदगुल्या. पाचव्या गोळीला ती गाणंच म्हणायला लागली, म्हशी पाजताना म्हणते ते. सहावी काळ्याच्या अगदी खालच्या कडेपाशी लागली आणि मग मात्र तिला दम निघेना.

"द्या हिकडं कानस. चारदा कसलं, चांगलं धाबारा वेळा फिरवतो."

गुंडूनं कानस धोतराखाली घातली. "बाई, परत वीतभर वर पायजे काय? तीनच गोळ्या हायत. हात मांडीवर ठेवून बसा."

कुणी शालूबाईला असं गप्प बसवलेलं कट्ट्यानं बघितलं असतं तर विश्वास ठेवला नसता. ती खरंच हात मांडीवर ठेवून बसली. गुंडूनं कानस दोनदा फिरवली, नंतर एकदा, शेवटी नुसती टेकवल्यासारखी केली. नववी गोळी काळ्याच्या मधोमध गेली. त्या दिवशी कट्ट्यावर ज्यानं पेला मागितला त्याला नेहमीपेक्षा जास्त मिळालं, आणि तो पातळवाला पावणा चुकून आला असता तर त्यालाही मिळालं असतं.

पैजेच्या रविवारी धैर्यशील एकटाच आला, पण अर्ज प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, खिशाला पेन लावून आला. गुंडू मिस्त्री आपल्या हातचं काम बघायला आला होता. खुर्ची घेऊन बाजूला बसला. शालूबाईनं सहा गोळ्या भरल्या. भरता भरता तिची नजर त्या पिशवीतल्या अर्जावर गेली. ही सही झाली की लायसन जाणार, लायसनाशिवाय रेंज नाही, मग परत रविवार येणार, म्हशींचं आवरून होणार, आणि मग जायला जागाच नसणार. हे तिला फार वाईट वाटलं. तेवढं वाईट तिला कधी कुठल्या वस्तूसाठी वाटलेलं नव्हतं.

पहिली काळ्यात. दुसरी काळ्यात. तिसरीला चाप हिसकून ओढला, ती डावीकडं पांढऱ्यात गेली. चौथी काळ्यात. पाचवी पुन्हा पांढऱ्यात, काळ्यापासून दोन बोटं लांब. सहावी मारताना तिनं श्वास एवढा रोखला की अवंतिकाला वाटलं आता काकू पडणार.

कागद आणून टेबलावर ठेवला. तीन भोकं काळ्यात, दोन पांढऱ्यात. आणि सहावं बरोबर कडेवर, जास्तीचं पांढऱ्यात, जरासं काळ्याला शिवलेलं.

"कडेला शिवली तरी आत धरतात," अवंतिका म्हणाली. "नियमच आहे."

"तुमचा नियम तुमच्याकडं," धैर्यशील खिशाचं पेन काढत म्हणाला. "मला दिसतंय ते भोक भाईर हाय. पांढऱ्यात हाय. वहिनी, करा सही. दादाचा नेम असला काठावरचा न्हवता. दादा ह्याच रिव्हॉल्व्हरनं नारळ उडवायचा."

"कुठला नारळ," गुंडू खुर्चीवरनं म्हणाला.

सगळ्यांनी तिकडं बघितलं.

"ह्यानं नारळ उडतच न्हवता. आधीपासनं वीतभर वर मारत हुतं. सुभेदारास्नी ते घेतल्या दिवसापासनं ठावं हुतं, लष्करातला माणूस तो. अकरा वर्षांमागं माझ्याकडं घेऊन आला हुता. मी म्हटलं, ठेवून जावा, उंच माशी बसवून देतो, दोन दिसाचं काम. तर तासभर दुकानात नुसता बसला. आन् जाताना म्हणला, गुंडू, राहूं दे असंच. सध्या घरात वाटण्या चालल्यात, माझं डोस्कं ठिकाणावर नसतंय. आन् धाकटा समोरच ऱ्हातोय. वर मारतंय तेच बरं हाय."

शालूबाईला ते वर्ष आठवलं. गोठ्याच्या मधोमध भिंत कुठनं घालायची यावरनं दोघे भाऊ अंगणात एकमेकांच्या अंगावर धावून गेले होते. सुभेदार घरात शिरून रिव्हॉल्व्हरसाठी कपाट उघडत होता आणि ती दारात आडवी उभी राहिली होती. तिला वाटत होतं, आपण उभं राहिलो म्हणून निभावलं.

धैर्यशीलचा चेहरा असा झाला की तिनं तो कधी बघितला नव्हता, दादा गेला त्या दिवशीही नाही. त्यानं पेन टेबलावर ठेवलं. मग कागद उचलला, उजेडाकडं धरला, आणि त्या सहाव्या भोकाच्या कडेवरनं बोट फिरवलं. बराच वेळ फिरवलं.

"काळ्यात हाय," तो म्हणाला. "चार लागल्यात."

"नीट बघा भावजी."

"बघितलं की. काळ्यातच हाय." त्यानं कागद खाली ठेवला. "मला अकरा वर्षं वाटत हुतं, दादाच्या मनातनं मी उतरलो. त्या दिवशी तुमी आडवं आला म्हणून वाचलो, असंच समजून चाललो. म्हणून तर ते मागत हुतो. त्याचं काय तरी माझ्याकडं ऱ्हावं म्हणून." त्यानं नाक पुसलं. "त्यानं मला सांगायचं तर हुतं."

शालूबाईला रडू यायला पाहिजे होतं आणि आलंही, पण ते निघता निघता हसू होऊनच निघालं. "सांगितलं असतं तर तुमी भ्याला असता व्हय? आणिक चार शिव्या दिल्या असत्या त्यास्नी."

धैर्यशीलनं विचार केला. "ते बी खरं हाय," तो म्हणाला, आणि डोळ्यांतनं पाणी येत असताना तोही हसायला लागला.

"आणि एक ध्यानात ठेवा, भावजी." शालूबाईनं रिव्हॉल्व्हर उघडून सहा रिकाम्या पुंगळ्या तळहातावर घेतल्या. "आता ते सरळ मारतंय. जरा नीट वागत जावा."